तैमूरचा उदय : १३६० ते १३७० या दहा वर्षांत नेमके काय घडले?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : मेंढ्या चोरणारा, एका पायाने लंगडा आणि कोणत्याही राजघराण्यात न जन्मलेला माणूस वयाच्या चौतिसाव्या वर्षी समरकंदचा स्वामी कसा झाला? हे त्याच्या लढवय्येपणाचे फळ होते की नशिबाचे? आणि एवढे सगळे हाती आल्यावरही त्याने स्वतःला खान का म्हणवून घेतले नाही? मध्य आशियाचा मध्ययुगीन इतिहास शिकवताना आणि त्या काळच्या फारसी तवारिखा वाचताना हे तिन्ही प्रश्न माझ्यासमोर वारंवार आले आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट उमगले की पहिल्या दोन प्रश्नांची गाठही सैल होते, असे माझे मत आहे. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

प्रथम प्रश्नाची मांडणी थोडी बदलावी लागेल, कारण तैमूर अगदी सामान्य कुळातला नव्हता. त्याचा जन्म बरलास टोळीतील एका मानकरी घरात झाला. ही मूळची मंगोल टोळी चंगेजखानाच्या वंशजांबरोबर पश्चिमेकडे आली, शंभर-सव्वाशे वर्षांत तिने तुर्की भाषा आणि इस्लाम धर्म स्वीकारला, आणि केश नगराच्या, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातील शहरीसब्झच्या, आसपासच्या सुपीक खोऱ्यात ती स्थिरावली. तैमूरचे वडील तरागाई यांना टोळीत मान होता, परंतु टोळीचे प्रमुखपद हाजी बेग बरलास याच्याकडे होते. तेव्हा खरा प्रश्न असा उरतो : अनेक टोळ्यांच्या एका सैल संघात, एका टोळीच्या दुय्यम शाखेतला तरुण दहा वर्षांच्या आत सर्व टोळीप्रमुखांच्या वर कसा जाऊन बसला, आणि त्याहून अवघड म्हणजे तेथे टिकला कसा?

या प्रश्नाचे उत्तर आपण कोणते साधन हाती धरतो यावर बरेच अवलंबून आहे, हे आधीच सांगून टाकतो. निजामुद्दीन शामी याने तैमूरच्याच आज्ञेवरून त्याचा इतिहास लिहिला आणि तो १४०४ मध्ये पूर्ण केला. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी शरफुद्दीन अली यझदी याने तीच कथा अधिक अलंकारिक फारसीत वाढवून सांगितली. दोघेही दरबारी लेखक आहेत. उलट इब्न अरबशाह याला १४०१ मध्ये दमास्कस पडल्यावर लहान वयात समरकंदला नेण्यात आले होते, आणि त्याच्या अरबी चरित्रातील प्रत्येक पानावर तैमूरविषयीचा संताप जाणवतो. १४०४ मध्ये समरकंदला आलेला कॅस्टिलचा (स्पेनमधील एका राज्याचा) राजदूत क्लाविहो याने तेथे ऐकलेल्या गोष्टी टिपून ठेवल्या आहेत. आपल्याकडे ‘तैमूरचे आत्मचरित्र’ म्हणून ज्यातील उतारे सर्रास दिले जातात, तो ग्रंथ मात्र सतराव्या शतकात शाहजहानच्या दरबारात अबू तालिब हुसैनी याने सादर केला. ज्या तुर्की मूळ प्रतीवरून आपण भाषांतर केले असे तो सांगतो, ती मूळ प्रत कधी समोर आलेली नाही. तैमूरच्या बालपणासाठी मी तो ग्रंथ वापरत नाही आणि विद्यार्थ्यांनाही वापरू देत नाही. माझा वाचण्याचा नियम साधा आहे : स्तुती करणारा लेखक जेथे अडचणीची गोष्ट सांगतो तेथे त्याच्यावर विश्वास ठेवावा, आणि निंदा करणारा जेथे गुण मान्य करतो तेथे त्याच्यावर.

जन्मतारखेलाही हाच नियम लावावा. दरबारी परंपरा एप्रिल १३३६ ही तारीख देते. इराणमधील शेवटचा प्रभावी इलखान (तेथील मंगोल शासक) अबू सईद १३३५ च्या अखेरीस मरण पावला होता. एका मंगोल सत्तेचा अस्त होताच दुसऱ्या विजेत्याचा जन्म झाला, असे दाखवण्यासाठी ही तारीख सोयीची होती. म्हणून तैमूर काही वर्षे आधी जन्मला असावा असे अनेक आधुनिक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटते. तसे असेल तर १३७० साली तो चौतीस वर्षांचा तरुण नसून चाळिशीच्या आसपासचा, पुरेसे अपमान आणि पराभव पचवलेला माणूस होता. तवारिखांतून दिसणाऱ्या त्याच्या सावधपणाशी हे वय अधिक जुळते.

आता ज्या रंगमंचावर हे घडले त्याविषयी. आमू आणि सीर या दोन नद्यांमधल्या प्रदेशाला मावराउन्नहर म्हणत. हा प्रदेश चंगेजखानाचा दुसरा मुलगा चगताई याच्या वंशाकडे होता, परंतु चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या खानांच्या हाती नावापुरतीच सत्ता उरली. करौनास टोळ्यांचा अमीर (म्हणजे सेनानायक सरदार) कझगन याने कझान खान याचा पाडाव करून त्याला ठार केले आणि पुढे सुमारे बारा वर्षे तो स्वतः कारभार पाहत राहिला, मात्र गादीवर त्याने चंगेजखानाच्या वंशातीलच कोणाला तरी बसवले. खान होण्याचा अधिकार फक्त चंगेजखानाच्या पुरुषवंशाला आहे, ही गोष्ट त्या समाजात सर्वमान्य होती आणि सर्वांत बलाढ्य अमीरही ती ओलांडायला धजावत नव्हता. हा वस्तुपाठ तरुण तैमूरच्या डोळ्यांसमोर घडत होता. १३५८ मध्ये कझगनचा खून झाला, त्याचा मुलगा अब्दुल्ला फार टिकला नाही, आणि बरलास, सुल्दूस, जलायर अशा टोळ्यांचे प्रमुख आपापल्या भागात स्वतंत्र झाल्यासारखे वागू लागले.

१३६० मध्ये मोगलिस्तानचा, म्हणजे चगताई राज्यातून वेगळ्या झालेल्या पूर्व भागाचा, खान तुगलुक तैमूर फौजेसह चालून आला. या खानाचे नाव आपल्या तैमूरच्या नावासारखे असल्याने वाचकाचा गोंधळ होतो, म्हणून पुढे मी त्याला केवळ मोगलिस्तानचा खान म्हणेन. हाजी बेग बरलास लढला नाही. तो आमू ओलांडून खुरासानकडे, म्हणजे इराणच्या ईशान्य भागाकडे, निघाला. तैमूर त्याच्याबरोबर काही अंतर गेला आणि मग परत फिरला. केशला आलेल्या मोगली सरदारांना त्याने मेजवानी आणि नजराणे दिले, खानाची चाकरी पत्करली, आणि त्याच्या बदल्यात केशचा प्रदेश व बरलासांचे नेतृत्व पदरात पाडून घेतले. दरबारी लेखक याला जन्मभूमी वाचवण्यासाठी केलेली युक्ती म्हणतात. प्रजेची लूट त्यामुळे टळली असेलही, पण त्याच खेळीने त्याने आपल्या टोळीप्रमुखाची जागाही घेतली, हे विसरता येत नाही.

याच्या पुढची घटना मला अधिक महत्त्वाची वाटते आणि ती सहसा सांगितली जात नाही. मोगली फौज परत जाताच हाजी बेग परतला, आणि तैमूरचे अनुयायी एकेक करून त्याला सोडून जुन्या प्रमुखाकडे गेले. तैमूरला मान खाली घालून हाजी बेगशी समेट करावा लागला. परक्या खानाच्या हुकमाने मिळालेले टोळीचे प्रमुखपद टोळीच्या मनात रुजत नाही, हे त्याला येथे कळले असावे. पुढल्या वर्षी खान पुन्हा आला, हाजी बेग पुन्हा पळाला आणि खुरासानात मारला गेला, म्हणजे स्पर्धक परस्पर दूर झाला. नशिबाचा भाग आपण विचारला आहे. तो येथे स्पष्ट दिसतो. परंतु याच सुमारास तैमूर खानाचा मुलगा इलियास ख्वाजा याच्या कारभाऱ्यांशी बिनसून बाहेर पडला आणि कझगनचा नातू अमीर हुसेन याला जाऊन मिळाला. हुसेनची बहीण उलजाई तुर्कान ही तैमूरची बायको होती.

यानंतरच्या दोन-तीन वर्षांच्या भटकंतीत त्याच्या पुढच्या सत्तेचा पाया घातला गेला. मर्वच्या बाजूच्या वाळवंटात एका तुर्कमान प्रमुखाने तैमूर आणि हुसेन यांना पकडले आणि सुमारे दोन महिने पिसवा-गोचिडांनी भरलेल्या गोठ्यात कोंडून ठेवले. सुटल्यावर मोजक्या स्वारांनिशी ते सिस्तानात (आजच्या इराण-अफगाणिस्तान सीमेवरील प्रदेशात) गेले आणि तेथील शासकाच्या भांडणात पैशासाठी लढले. तेथेच तैमूरच्या उजव्या पायाला आणि उजव्या हाताला बाण लागले. मेंढ्या चोरताना धनगराने मारलेल्या बाणाची कथा इब्न अरबशाहने दिली आहे. मला सिस्तानची हकीकत अधिक ग्राह्य वाटते, कारण ती दरबारी आणि परकीय अशा दोन्ही बाजूंच्या साधनांत येते. मात्र या काळात तो लुटीवर जगत होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. नोकरी नसलेल्या स्वाराला त्या काळी दुसरे साधन नव्हते. जखमांविषयी मात्र वाद उरलेला नाही. जून १९४१ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल गेरासिमोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समरकंदमधील गुर-ए-अमीर येथील तैमूरचे थडगे उघडले, तेव्हा उजव्या गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाशी जुळून गेलेली आढळली आणि उजवे कोपरही आखडलेले होते. असा माणूस उरलेल्या आयुष्यभर घोड्यावरून मोहिमा करत राहिला, हे हाडांवरूनच सिद्ध होते.

या हलाखीच्या दिवसांत त्याच्याभोवती जी माणसे जमली, ती टोळीच्या बांधिलकीने आलेली नव्हती. चाकू बरलास हा त्याच्याच टोळीचा होता, पण दाऊद दुगलात किंवा आकबुगा नायमान यांसारखे इतर टोळ्यांतले लोकही त्यात होते. त्यांचे भवितव्य तैमूर या एका माणसावर अवलंबून होते. तो बुडाला असता तर त्यांना परत जायला जागा नव्हती. टोळीचे लोक वारा पाहून पक्ष बदलत, हे त्याने १३६० मध्ये अनुभवले होते. हे सोबती सहसा बदलत नसत. माझ्या दृष्टीने त्याच्या उदयाचे मुख्य कारण हेच आहे : सत्तेचा आधार त्याने हळूहळू टोळीवरून काढून स्वतःच्या निष्ठावंत मंडळीवर नेला.

लढायांचे म्हणाल तर या दशकातील त्याचा हिशोब संमिश्र आहे. १३६३-६४ च्या सुमारास वख्श नदीवरील दगडी पुलाजवळ त्याने आणि हुसेनने मोगली फौजेला हटवले; रात्री डोंगरांवर जागोजागी शेकोट्या पेटवून आपले सैन्य मोठे असल्याचा भास निर्माण केला, अशी हकीकत आहे. परंतु १३६५ मध्ये ताश्कंदच्या परिसरात, मुसळधार पावसात झालेल्या ‘चिखलाच्या लढाईत’ दोघांचा दारुण पराभव झाला. ऐन मोक्याला हुसेन पुढे सरला नाही असा ठपका दरबारी लेखक ठेवतात. दोघेही समरकंद वाऱ्यावर सोडून आमूपलीकडे निघून गेले.

मग समरकंद कोणी वाचवले? शहराला त्या वेळी धड तटबंदी नव्हती. मदरशाचा विद्यार्थी मौलानाजादा, कापूस पिंजणारा अबू बकर आणि तिरंदाज खुर्दक बुखारी यांच्या नेतृत्वाखाली नागरिक उभे राहिले. सरबदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांनी गल्ल्या अडवून ठेवल्या, एक मुख्य रस्ता मोकळा सोडला आणि आत शिरलेल्या स्वारांवर दोन्ही बाजूंनी बाण व दगडांचा मारा केला. त्यातच मोगली छावणीत घोड्यांमध्ये साथ पसरली, बहुतेक घोडे मेले आणि वेढा उठला. १३६६ च्या वसंतात हुसेन आणि तैमूर परतले, शहराबाहेरच्या कान-ए-गिल या कुरणात त्यांनी सरबदारांच्या पुढाऱ्यांना सन्मानाने बोलावले आणि मारून टाकले; मौलानाजादा तेवढा तैमूरच्या रदबदलीने वाचला. ज्या सामान्य माणसांनी पळून गेलेल्या अमिरांचे शहर त्यांच्यासाठी राखले, त्यांच्या वाट्याला हे आले, आणि तैमूरचा उदय सांगताना ही गोष्ट गाळू नये असा माझा नेहमी आग्रह असतो. एका जणाला वाचवण्यामागे दया होती की शहरात आपला माणूस राखण्याचा हिशोब होता, हे ज्याने त्याने ठरवावे. मी हिशोबाच्या बाजूने आहे.

आता हुसेन आणि तैमूर यांच्यातील तेढ. हुसेन कुळाने मोठा, कझगनचा वारस, आणि मोठ्या फौजेचा धनी होता. त्याने तैमूरच्या सरदारांवर जबर पट्टी बसवली. चिखलाच्या लढाईत सर्वस्व गमावलेले ते लोक पैसे देऊ शकत नव्हते, तेव्हा तैमूरने त्यांच्या वतीने स्वतःचे सोनेनाणे दिले आणि ते अपुरे पडले म्हणून बायकोचे दागिनेही त्यात घातले. उलजाई तुर्कानची कर्णभूषणे आणि बांगड्या हुसेनच्या समोर आल्या. आपल्या सख्ख्या बहिणीचे दागिने त्याने ओळखले, आणि तरीही ठेवून घेतले. कथा दरबारी लेखकाची असल्याने ती थोडी रंगवलेली असेल, परंतु तिच्यात दोन पुढाऱ्यांमधील फरक नेमका दिसतो. एक जण अनुयायांकडून वसूल करत होता आणि दुसरा त्यांच्यासाठी खर्च करत होता. थोड्याच काळात उलजाई तुर्कान वारली आणि दोघांमधला नात्याचा धागाही तुटला.

त्यानंतरची काही वर्षे कधी लढाई, कधी समेट अशी गेली. तैमूरने सुमारे अडीचशे माणसांनिशी रात्री अचानक छापा घालून कर्शी शहर घेतले, हे त्याच्या धाडसाचे उत्तम उदाहरण आहे. पण हुसेनची मोठी फौज आल्यावर तोच तैमूर उत्तरेकडे सरकला, ज्या मोगलिस्तानविरुद्ध लढला होता त्याच्याकडेच मदतीचे बोलणे लावून बसला आणि अखेर हुसेनशी जुळवूनही घेतले. जिथे जिंकता येत नाही तिथे तो हटून बसत नसे. दरम्यान हुसेनने आमूच्या दक्षिणेकडील बाल्खचा जुना किल्ला पुन्हा बांधायला घेतला आणि लोकांना तेथे वस्तीला यायला लावले. तटबंदीआड बसलेला अमीर भटक्या टोळीप्रमुखांना नको होता, कारण त्याला मग त्यांची गरज राहत नाही. हळूहळू एकेक प्रमुख तैमूरकडे वळला.

१३७० च्या वसंतात तैमूर बाल्खवर चालून गेला. वाटेत तिर्मिजजवळ सय्यद बरका नावाचे धर्मपुरुष त्याला भेटले आणि त्यांनी राजचिन्हे म्हणून नगारा व निशाण दिले. वेढा फार चालला नाही. जीव वाचवण्याच्या अटीवर हुसेन शरण यायला तयार झाला, पण त्या वचनावर त्याचाच विश्वास बसला नसावा. यझदी सांगतो की तो जुन्या शहरातील एका मिनारात लपला, आणि हरवलेला घोडा शोधण्यासाठी उंचावरून पाहावे म्हणून तो मिनार चढलेल्या शिपायाच्या दृष्टीस पडला. तैमूरने वचन मोडले नाही, असे तवारीख सांगते. खुत्तलानचा प्रमुख कैखुसरो याच्या भावाला हुसेनने पूर्वी मारले होते. त्याने सूड मागितला, इतरांनी त्याला दुजोरा दिला आणि हुसेन मारला गेला. तैमूरचे शब्द अबाधित राहिले आणि काम झाले. दरबारी लेखकाला ही हकीकत इतक्या काळजीने सांगावी लागते, यातच तिचे उत्तर आहे.

आता आपला तिसरा प्रश्न. विजयानंतर तैमूर खान झाला नाही. चंगेजखानाचा मुलगा ओगदेई याच्या वंशातील सुयुर्गतमिश याला त्याने खान म्हणून बसवले आणि स्वतः ‘अमीर’ राहिला. हुसेनची विधवा सराय मुल्क खानम ही कझान खानाची मुलगी होती. तिच्याशी विवाह करून त्याने खानाच्या घराण्याचा जावई, ‘गुरगान’, हा किताब मिळवला आणि तो आयुष्यभर वापरला. मराठी वाचकाला येथे सातारची गादी आणि पुण्याचा कारभार आठवणे स्वाभाविक आहे, परंतु एक फरक लक्षात ठेवावा : पेशव्याला वस्त्रे छत्रपतींकडून मिळत, आणि येथे खानच अमिराच्या मर्जीने नेमला जात होता. तैमूर स्वतः खान झाला असता तर ज्या टोळीप्रमुखांनी त्याला वर आणले, त्यांना त्याच्याविरुद्ध उठायला आयते कारण मिळाले असते. खानपदाचा मान दुसऱ्याला देऊन त्याने ते कारणच नाहीसे केले. पुढे सुयुर्गतमिश वारल्यावर त्याचा मुलगा सुलतान महमूद याला तेच पद देण्यात आले. या नम्रतेचे मोल त्याच्या वंशजांनी ओळखले. औरंगजेबाची जी फर्माने दख्खनमध्ये येत, त्यांवरील गोल मोहरेत मध्यभागी बादशहाचे नाव आणि भोवतीच्या लहान वर्तुळांत पूर्वजांची नावे असत, आणि ती साखळी अमीर तैमूरपाशी थांबे, चंगेजखानापाशी नव्हे.

येथवरचे थोडक्यात सांगायचे तर नशिबाने त्याचे स्पर्धक दूर केले, युद्धकौशल्याने त्याला नाव मिळवून दिले, परंतु संकटातल्या सोबत्यांची मंडळी आणि प्रस्थापित समजुतींना उघड धक्का न देण्याचे शहाणपण या दोन गोष्टींनी तो वर आला.

टिकण्याचा प्रश्न १३७० नंतर सुरू झाला, कारण ज्या प्रमुखांनी हुसेनला सोडले ते तैमूरलाही सोडू शकत होते, आणि त्यांनी तसे प्रयत्न केलेही. कैखुसरो ख्वारज्मच्या (आमूच्या मुखाकडील राज्याच्या) मोहिमेत शत्रूला जाऊन मिळाला आणि पुढे त्याला मृत्युदंड मिळाला. १३७६ मध्ये तैमूर ख्वारज्मवर गेला असताना जलायर टोळीने बंड करून समरकंदला वेढा घातला. ते मोडल्यावर त्याने ती टोळी फोडून तिची माणसे वेगवेगळ्या सरदारांच्या हाताखाली वाटून टाकली. करौनासांची फौज, म्हणजे एके काळी कझगन आणि हुसेन यांच्या बळाचा मुख्य आधार, त्याने चाकू बरलासच्या ताब्यात दिली आणि चाकूनंतर ती त्याच्या मुलाकडे गेली. समरकंदची तटबंदीही त्याने बांधून घेतली. हुसेनला बाल्खमध्ये जे भोवले, ते आता त्याला आव्हान देणारा कोणी उरला नव्हता म्हणून त्याला करता आले. उरलेल्या टोळीप्रमुखांना घरी बसून कट करण्यास वेळ मिळू नये आणि लुटीचा वाटा मिळत राहावा, यासाठी फौज वर्षानुवर्षे बाहेर ठेवणे त्याला भाग होते. १३८१ मध्ये हेरात शरण आले, तेव्हा त्याच्या तुकड्यांचे नेतृत्व बहुतांशी त्याचे मुलगे आणि त्या हलाखीच्या दिवसांतले सोबती यांच्याकडे आलेले होते, आणि पुढील वीस वर्षांत दिल्लीपासून अंकारापर्यंत जी फौज गेली ती याच पद्धतीने बांधलेली होती.